मूठभर कोंडा

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं की खाली स्टीलच्या वाटीत फासे खळखळायला लागत, आणि वरच्या खोलीत शिवांजलीचा हात आपोआप लेकीच्या कपाळावर जाई. कपाळ गार असलं तरी जाई. कपाळ गार लागलं की ती तळवे बघे, तळवे गार लागले की ते जरा जास्तच गार नाहीत ना म्हणून पुन्हा कपाळ. सासू शिवम्मा म्हणायच्या, "अगं, हात लावून लावून लेकरू झिजंल की तुझं."

फाशांचा तो खेळ शिवांजलीनंच काढलेला. लग्न होऊन ती घाटनांदूरला आली त्या वर्षी केबलवाल्यानं गावात तारा ओढल्या आणि सकाळच्या चहाबरोबर अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने घराघरात दिसू लागले. तिचा नवरा वीरेश, त्याचा चुलतभाऊ केदारनाथ आणि मोहनराव पाटलांचा रविराज, तिघंही अंबाजोगाईला कॉलेजच्या संघात खेळलेले. ती स्वतः मुलींच्या संघात होती, आणि संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. आता वीरेशच्या हाती कापडदुकान, केदारनाथच्या हाती औषधांचं दुकान, रविराजच्या हाती बापाची जीप आणि स्वतःची मोटरसायकल. गावात बास्केटची रिंग औषधालाही नाही. सामना बघताना तिघांचे हात नुसते शिवशिवायचे.

तेव्हा तिनं साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून कार्डं केली. एक कार्ड म्हणजे एक खेळाडू. नावाखाली आकडे, नेम किती, उडी किती, बचाव किती. दोन फासे टाकायचे, आकडे ताडून बघायचे, की चेंडू आत गेला का बाहेर ते ठरलं. संघ झाले, मोसम झाले, त्याला ही मंडळी ऐटीत 'लीग' म्हणू लागली. खेळाडूंना नावं मात्र त्यांनी आपल्याच माणसांची दिली. परदेशी नावं जिभेवर बसत नव्हती म्हणून असेल, किंवा आपला मामा हवेत उडी मारतोय ही कल्पनाच गोड वाटली म्हणून.

"मामाची उडी लई भारी हाय," केदारनाथ म्हणायचा, "पण पंचांग बघितल्याबिगर मारत न्हाई."

आणि एक रीतच पडली. कुणाच्या घरी पाळणा हलला की त्याच दिवशी त्या बाळाचं कार्ड करायचं, नवा खेळाडू म्हणून बापाच्या संघात घालायचं.

शिवांजलीला पहिला मुलगा झाला तेव्हाही असंच कार्ड झालं. नाव मन्मथ, कपिलधारच्या मन्मथस्वामींवरून. बारशाला मठातल्या स्वामींनी लिंगायतांच्या रीतीप्रमाणे पाळण्याला लिंग बांधलं, बायकांनी घुगऱ्या वाटल्या, आणि वीरेशनं आनंदाच्या भरात रविराजपुढे कार्ड नाचवलं. "तुझा सटवा दे मला. घे माझा युवराज!"

सटवा म्हणजे एसटी स्टँडवरचा साडेसहा फुटी हमाल, लीगमधला सगळ्यात तगडा खेळाडू. वीरेशचा त्याच्यावर किती दिवसांपासून डोळा. रविराज हसला. पाळण्याच्या वरूनच कार्डांची अदलाबदल झाली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

बारशाचे पेढे डब्यात होते तोवर मन्मथ गेला. रात्री दूध पिऊन झोपला तो सकाळी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कुणाचा दोष नसतो. शिवांजली शिकलेली होती. तिला ते पटलं होतं. पण पटणं एका खोलीत राहतं आणि भीती दुसऱ्या. पाळण्यावरून पलीकडे गेलेला तो पुठ्ठ्याचा तुकडा तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही. हे ती कुणाला बोलली नाही, वीरेशला तर नाहीच.

त्यानंतर लीगमध्ये कुणी कार्ड बदललं नाही. तसं ठरवलं कुणीच नव्हतं, फक्त कुणी मागितलं नाही आणि कुणी दिलं नाही. सटवा वीरेशकडेच राहिला, म्हणून दर मोसमात वीरेशच जिंकायचा आणि जिंकून गप्प बसायचा. पुढे शिवानी झाली. तिचंही कार्ड झालं. शिवांजली नको म्हणणार होती, पण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आणि मग बद्रीनाथ आला.

बद्रीनाथ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बदलून आलेला, सडाफटिंग, बोलायला फटकळ. चौथा संघ त्याला दिला. दोन-तीन रविवार तो गुमान खेळला, मग एके दिवशी त्यानं फासे वाटीत आपटले. शिवांजली चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती.

"ही काय लीग हाय का बे? त्योच सटवा, तेच मामा, तेच जिंकणारे. कोण कुणाला देत न्हाई, कोण कुणाकडून घेत न्हाई. म्हातारी माणसं पारावर बसत्यात तसं बसलोत आपुन. सगळा देश खुला झाला, दुकानात बाहेरचं थंडं मिळायला लागलं, आन् तुमचा बाजार अजून बंदच?"

केदारनाथ फाशावरचे ठिपके नखानं खरवडत राहिला. रविराजनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"कावून गप्प झालात सगळे? मी काय वंगाळ बोललो?"

"न्हाई," वीरेश म्हणाला. "बरोबर हाय तुझं. लीग मेल्यावानी झालीय." आणि तो हसला. शिवांजलीनं बघितलं. मन्मथ गेल्यापासून ते हसू तिनं पाहिलं नव्हतं.

"नियम वहिनींचे," केदारनाथ हळूच म्हणाला. "वहिनी सांगतील तसं."

चारही माथी तिच्याकडे वळली. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दाच्या मागोमाग 'का?' आला असता, आणि त्याचं उत्तर रविराजच्या तोंडावर, वीरेशच्या तोंडावर फेकावं लागलं असतं. तिनं ट्रे गल्ल्यावर ठेवला. दुकानातली भावाची पाटी पुसली, खडू घेतला आणि कॉलेजात गणित सोडवायची तशी सरळ ओळीत लिहू लागली. दर रविवारी प्रत्येक संघानं निदान एक कार्ड बदलायचं. जो बदलणार नाही, त्याच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड समोरच्यानं न बघता ओढायचं.

"वा रे वा! आता कशी धावाधाव व्हईल बघा!" बद्रीनाथनं मांडीवर थाप मारली.

ती थांबली नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली. प्रत्येकाचं एक कार्ड राखीव. त्याला कुणी हात लावायचा नाही.

हा नियम तिनं कुणासाठी केला ते वीरेशला कळलं असणारच, असं ती धरून चालली. बाप आहे. सांगायला कशाला पाहिजे.

पुढच्या रविवारच्या आधी शिवानीला लस टोचून आणली. नर्सबाई म्हणाल्या, "ताप येईल बरं का, घाबरून जाऊ नका." त्यांनी असं सांगितलं नसतं तर शिवांजली कमी घाबरली असती. रविवारी सकाळपासून पोर तापली. डोळे पेंगुळलेले, ओठ कोरडे, दूध ओढायची पण दमून सोडून द्यायची. शिवांजलीनं केदारनाथकडून तापाचं औषध आणून पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. दुपारी खाली शटर खडखडलं आणि वाटीत फासे पडले.

चहा द्यायला ती गेली ती फक्त पाटी बघायला. पाटीच्या लाकडी चौकटीत प्रत्येकानं आपलं राखीव कार्ड खोचलं होतं. रविराजनं बापाचं, मोहनरावांचं.

"दादांना इकलं तर घरी जेवायला कोण घालील मला?" तो म्हणत होता.

केदारनाथचा मामा. बद्रीनाथचा तो स्वतःच.

"माझ्याकडं दुसरं हायच कोण?"

वीरेशचं कार्ड तेवढं उलटं खोचलेलं, नाव भिंतीकडे.

"सटवाच असणार," बद्रीनाथ म्हणाला. "चोर हाय ह्यो. आता याच्या गठ्ठ्यातलं मी काय ओढायचं, वहिनी? चुलते न् मेव्हणे?"

"अजून अदलाबदल केली न्हाई त्यानं," केदारनाथ म्हणाला. "चहा व्हईस्तोवर मुदत दे."

शिवांजलीनं पाटीवरची धूळ पुसायचं निमित्त केलं आणि कार्डाची कड अंगठ्यानं किंचित वळवली. अक्षर वीरेशचं. शाई थोडी फिकट झालेली.

मन्मथ.

म्हणजे शिवानी गठ्ठ्यात होती. चुलत्या-मेव्हण्यांबरोबर, गल्ल्यावर, बद्रीनाथच्या हातापासून वीतभर.

कपबशा वाजू नयेत म्हणून तिनं ट्रे पोटाशी धरला आणि वीरेशला म्हणाली, "अहो, जरा वर या. शिवानीकडं बघा."

दोघं वर आली. दार लोटलं आणि मग तिचा आवाज फाटला. "तो नियम मी कुणासाठी केला होता? सांगा ना, कुणासाठी?"

वीरेश दाराला टेकला. "मला वाटलं, त्याच्यासाठीच केलास."

"त्याच्यासाठी? तो आहे का राखायला?"

"म्हणून तर." तो पायांच्या बोटांकडे बघत बोलू लागला. "माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी रव्यानं ते कार्ड गुपचूप गल्ल्यात आणून ठेवलं. सटवा परत मागितला बी न्हाई. तवापासून माझ्याजवळ हाय. एकदा मी त्याला माझ्या हातानं दुसऱ्याला दिला, अंजू. हसत हसत दिला. आता पुन्हा कुणी बोट लावलेलं मला सोसणार न्हाई. शिवानीला घर हाय, तू हायस, आई हाय. त्याला त्या पुठ्ठ्याबिगर कुठं जागा हाय?"

शिवांजली खाली फरशीवर बसली. एवढे दिवस एकाच चादरीखाली दोघं झोपत होते, आणि दोघांच्या उशाशी तोच पाळणा, तोच पुठ्ठा. कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं, की अहो, जो गेला त्याला राखता आणि जी तापलीय तिला बाजारात ठेवता! त्याच्या मनातली भीती आपल्यासारखीच निघाली म्हणून तिची भीती कमी झाली नाही. उलट तिला साक्षीदार मिळाला.

खालून बद्रीनाथची हाक आली. "अय वीरेश! चहा संपला बे! ओढू का मी?"

"मी जाऊन नियम पुसते," ती उठत म्हणाली. "लीगच बंद करते."

"पुसून काय व्हतंय?" पलंगावर पाठमोऱ्या बसलेल्या शिवम्मा बोलल्या. नातीच्या तळव्यांना त्या कांद्याचा रस चोळत होत्या. दोघांना वाटलं होतं, त्यांना ऐकू कमी येतं. "भ्या मनात बसलंय ते पाटी पुसल्यानं जातंय व्हय? माझ्या आईची दोन लेकरं गेली. तिसरं झालं तवा तिनं ते शेजारच्या छबुबाईच्या पदरात घातलं. छबुबाईनं मूठभर कोंडा दिला, लेकरू इकत घेतलं. दूध आईनंच पाजलं, मोठं आईनंच केलं. पण म्हणायचं छबुबाईचं. आपलं म्हणायचं न्हाई. आपलं म्हनलं की वरच्याची नजर जाती."

"कोंडिबामामा," वीरेश पुटपुटला.

"हां. कोंड्याला इकला म्हणून कोंडिबा. अजून औत हाकतोय." त्यांनी शिवानीचा पाय दुपट्यात गुंडाळला. "पोरी, हिसकलेलं वंगाळ. हातानं दिलेलं न्हाई. आन् द्यायचं ते ज्याची लेकरं जगलीत त्याला."

शिवांजलीनं कॉलेजात दोन सलग घटनांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही, हे उदाहरणांसकट शिकलं होतं. परीक्षेत त्यावर पूर्ण गुण घेतले होते. तिनं मुलीच्या कपाळाला ओठ लावले. चटका बसला. ती जिना उतरू लागली.

खाली बद्रीनाथची बोटं वीरेशच्या गठ्ठ्यावर फिरत होती. "एक, दोन, ह्यो नको, त्यो..."

"थांबा!"

तिचा आवाज एवढा चढला की बद्रीनाथनं विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला. "अदलाबदल करतोय आम्ही," ती म्हणाली. "मुदत संपलेली नाही." तिनं गठ्ठा पसरला, शिवानीचं कार्ड काढलं आणि रविराजपुढे धरलं. उरलेल्या तिघांत लेकरू होतं ते त्याच्याच घरी. त्याची लेक सायली आता अंगणभर पळायची.

रविराजनं कार्डावरचं नाव वाचलं. मिशीला पीळ देऊन तालुकाभर फिरणारा तो माणूस स्टुलावरून उठून मागच्या कपाटाला जाऊन टेकला. "न्हाई वहिनी. मला न्हाई. केदारला द्या. ह्या बद्र्याला द्या."

"तुम्हालाच."

"माझ्या हातात एकदा..." त्यानं तळहात सदऱ्याला पुसले. "मी ते कार्ड खिशात घालून गेलतो, वहिनी. घरी जाऊन बायकोला दाखवलं, की बघ वीऱ्याचा पोरगा आपल्या संघात आला. आजवर मी कुणाचं कार्ड मागितलं न्हाई ते त्याच्यामुळंच."

बद्रीनाथ एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की बंद बाजार म्हणून आपण ज्याला हसलो, ते दुसरंच काहीतरी होतं. त्यानं फासे उचलून मुठीत झाकले.

"बदल्यात खेळाडू नको," शिवांजली म्हणाली. "मूठभर कोंडा द्या. सासूबाई म्हणतात तसा." तिनं पाटी ओढून खालच्या ओळीत लिहिलं, खेळाडूच्या बदल्यात मूठभर कोंडाही चालेल. खडू मध्येच मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं ओळ पुरी केली.

रविराजला कोंड्याचा अर्थ सांगावा लागला नाही. गावचाच होता तो. "तुमच्या घरातला चालणार न्हाई," एवढंच म्हणाला आणि शटरखालून वाकून बाहेर पडला. मोटरसायकल गिरणीच्या दिशेनं गेली.

तो येईपर्यंतचा वेळ शिवांजलीला जन्मभर आठवणार होता. ती वर गेली. शिवानी झोपली होती. फार शांत झोपली होती. तिनं नाकापाशी बोट धरलं. श्वास लागला. मग वाटलं तो आपल्याच पंख्याचा वारा, म्हणून पंखा बंद केला आणि पुन्हा बोट धरलं. गिरणी रविवारी बंद असली तर? म्हाळू गिरणीवाला गावाला गेला असला तर? कोंडा यायच्या आत काही झालं तर त्याला काय म्हणायचं, दिलेलं की हिसकलेलं? आणि हे सगळं खोटं असलं, नुसता लसीचा ताप असला, तर आपण त्या भल्या माणसाच्या गळ्यात काय बांधतोय?

मोटरसायकल वाजली. रविराज रुमालाची पुरचुंडी घेऊन आत आला. कपाळावर पिठाचा पांढरा हात उमटलेला. म्हाळूला झोपेतून उठवलं होतं. शिवांजलीनं ओंजळ पुढे केली. त्यानं कोंडा घातला, थोडा खाली सांडला. तिनं कार्ड त्याच्या हातावर ठेवलं.

"तुमची पोरगी," ती म्हणाली. रीतीप्रमाणे म्हणायलाच हवं होतं.

"माझी," रविराज म्हणाला.

पाटीत खोचलेलं उलटं कार्ड तिनं हलवलं नाही. वीरेश जिन्यात उभा राहून ते बघत होता. तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली, राहू द्या.

मग खेळ झाला. बद्रीनाथनं आपणहून सांगितलं की खेळायलाच पाहिजे, नाहीतर हे सगळं दिवसभर छातीवर बसेल. रविराजचा संघ आणि वीरेशचा संघ. फासे पडत गेले, सटवानं उड्या मारल्या, मामा चुकला. रविराजनं शिवानीचं कार्ड मैदानात उतरवलंच नाही.

"खेळव ना बे तिला," बद्रीनाथ न राहवून म्हणाला. "नेम चांगला हाय पोरीचा."

"लहान हाय ती," रविराज म्हणाला. "बाकावर बसू दे."

संध्याकाळी शिवानीच्या मानेला घाम आला. ताप उतरला, नर्सबाईंनी सांगितलं होतं तसाच. तिनं डोळे उघडून खिडकीतल्या चिमणीकडे बोट केलं. शिवम्मांनी मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली. कोंडा शिवांजलीच्या पदराला बांधलेला होता. कुठं ठेवायचा असतो ते विचारायचं राहून गेलं होतं.

लेकीला कडेवर घेऊन ती खिडकीशी आली. खाली रविराज निघाला होता. त्यानं कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं, खिशाला बटण लावलं आणि मोटरसायकलवर टांग टाकली. ती मोटरसायकल, त्याच्या घरच्या वाटेवरचं ते अंबाजोगाईच्या रस्त्याचं वळण, आणि गावात कुणी जोरात गेलं की लोक म्हणायचे, पाटलाचा रव्या असणार. आजवर तिनं त्या गोष्टीचा कधी विचार केला नव्हता. सकाळी तिच्या भीतीत एकच जीव होता. आता त्यात हा माणूस होता, त्याची गाडी होती, अंगणात पळणारी सायली होती.

"भाऊजी!" ती खिडकीतून वाकून ओरडली. "हळू जा हं!"

रविराजनं वर बघितलं. तिला, कडेवरच्या पोरीला. त्याचा हात खिशावर गेला. तो गाडीवरून उतरला, हँडल धरलं आणि मोटरसायकल हातानं ढकलत निघाला. पारावरची माणसं विचारत होती, "का हो पाटील, पेट्रोल संपलं का?"

तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला. शिवांजली खिडकीतून हलली नाही. पलीकडे किक मारल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग गाडी सुरू झाली. तो आवाज सडकेनं जाऊन पार विरेपर्यंत ती ऐकत उभी राहिली. दुसरा हात लेकीच्या कपाळावर होता.